हाईम शमुवेल केहीमकर : कोकणातील इस्राएल लोकांचे इतिहासकार

जोहे, हमरापूर व पेण ह्या बाजूस राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एक गोष्ट ठाऊक असेलच की, आपल्या ह्या खाडीकाठच्या मुलखात आपल्याखेरीज आणखी एक लहानसा समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. शास्त्रलेखांत ज्या अब्राहामाची, इसहाकाची व याकोबाची नावे आपण वाचतो, त्यांची नावे हे लोक आपल्या मुलांस ठेवीत. पण त्यांची बोली आपलीच, त्यांच्या स्त्रियांचे लुगडे आपलेच, आणि त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, अष्टमीचे ते अष्टमकर, नवगावचे ते नवगावकर. हे लोक म्हणजे बेने इस्राएल, अर्थात इस्राएलाची संतती. ह्या लोकांचा इतिहास ज्या पुरुषाने मोठ्या कष्टाने लिहून ठेवला, त्याचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहो. त्यांचे नाव हाईम शमुवेल केहीमकर.

चरित्रनायकाकडे वळण्यापूर्वी त्यांच्या लोकांची पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. कारण केहीमकरांनी आपले आयुष्य ह्याच पूर्वपीठिकेच्या शोधात वेचले. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज गलबतात बसून पश्चिमेकडून येत असता चौलाच्या उत्तरेस नवगावाजवळ ते गलबत खडकावर आपटून फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्यास लागली. जी प्रेते समुद्राने बाहेर टाकली ती नवगावी पुरण्यात आली, आणि ती जागा त्यांची संतती आजवर पवित्र मानीत आली. गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथही बुडाले. परक्या देशात, परक्या भाषेच्या लोकांत, हाती एकही पुस्तक नाही, गुरू नाही, मंदिर नाही, अशा स्थितीत ही चौदा माणसे राहिली, आणि त्यांच्यापासून पुढे हा समाज वाढला.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. कोकणात तेल गाळणारे इतरही होतेच. पण हे लोक शनिवारी घाणा जुंपीत नसत. इतर तेली सोमवारी बैलास विश्रांती देत म्हणून ते सोमवार तेली, आणि हे शनिवारी देत म्हणून शनिवार तेली, असे नाव पडले. शेजाऱ्यांनी सहज ठेवलेल्या ह्या नावात केवढी साक्ष दडलेली होती! ज्या लोकांस आपल्या शास्त्राचे एक पानही वाचता येत नव्हते, त्यांनी शब्बाथ मात्र शेकडो वर्षे सोडला नाही. आठव्या दिवशी मुलाची सुंता करणे, विशिष्ट प्राण्यांचे मांस वर्ज्य करणे, काही सण व उपास पाळणे, आणि शेमा ही इब्री प्रार्थना जन्म, लग्न व मरण अशा प्रत्येक प्रसंगी म्हणणे, एवढे त्यांच्यापाशी उरले होते. बाकीचे सारे काळाने पुसून टाकले.

पुढे दावीद राहबी नावाचा एक विद्वान यहूदी त्यांच्यात आला, असे ते सांगतात. हे लोक खरोखर इस्राएली आहेत की काय, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांस मासळी रांधावयास सांगितली. त्यांनी टोपलीतून पंख व खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. लेवीय ह्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायातील नियम त्या स्त्रियांस पुस्तकावरून ठाऊक नव्हता, तो त्यांच्या हातांत होता. राहबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतील पुरुषांस धर्मविधी शिकवून त्यांजकडे समाजाचे काजीपण दिले. हा राहबी नेमका केव्हा आला ह्याविषयी एकमत नाही. समाजाच्या परंपरेप्रमाणे ह्या गोष्टीस सुमारे हजार वर्षे होतात. कित्येक विद्वान मात्र तो अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्यातील पुरुष असावा असे मानतात.

इंग्रजांच्या अमलात हे लोक कोकण सोडून मुंबईस जाऊ लागले. पुष्कळ जण कंपनीच्या पलटणीत शिरले आणि हुद्द्यास चढले. त्यांपैकी शमुवेल यहेज्केल दिवेकर, ज्यांस लोक सामाजी हसाजी म्हणत, हे टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत कैद झाले. जीव वाचून परत आल्यावर त्यांनी देवाचे उपकार स्मरून सन १७९६ त मुंबईस त्या समाजाचे पहिले सभास्थान बांधिले. त्याच्या इब्री नावाचा अर्थ दयेचे द्वार असा आहे. ज्या रस्त्यावर ते आहे त्यासही शमुवेलाचेच नाव पडले.

आता आमच्या मिशनाच्या वाचकांस विशेष अगत्याचा भाग येतो. सन १८१३ त अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती मुंबईस आले. त्यांनी मराठी शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांत शिकावयास व शिकवावयासही बेने इस्राएल पुढे आले. कारण उघड आहे. ज्या शास्त्राची केवळ आठवण त्यांच्या घरी उरली होती, ते शास्त्र आपल्या मायबोलीत वाचावयास मिळते हे पाहून त्यांस काय वाटले असेल, ह्याची वाचकांनीच कल्पना करावी. सन १८२९ त डॉक्टर जॉन विल्सन मुंबईस आले. त्यांनी ह्या लोकांसाठी सन १८३२ त मराठीत इब्री भाषेचे लहान व्याकरण छापविले आणि कित्येक तरुणांस ती भाषा शिकविली. मोशेची, दाविदाची व यशयाची भाषा तिच्या वारसांस एका स्कॉच मिशनऱ्याने मराठीच्या द्वारे परत दिली, हा ईश्वरी योजनेचा एक विलक्षण प्रकार होय.

ह्याच काळात, सन १८३० त, केहीमकरांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेले किहीम. त्यावरून हे आडनाव. ज्या पिढीत ते वाढले ती पिढी दोन जगांच्या उंबरठ्यावर उभी होती. आजोबांच्या पिढीस घाणा व शेमा एवढेच ठाऊक. नातवांच्या हाती मराठी शास्त्र, इब्री व्याकरण आणि इंग्रजी पुस्तके आली. अशा वेळी जुने ते सारे अडाणीपणाचे म्हणून टाकून द्यावे, असे पुष्कळांस वाटते. केहीमकरांस तसे वाटले नाही. जे नवे मिळाले त्याच्या उजेडात जुने नीट पाहून ठेवावे, ही त्यांच्या मनाची वृत्ती होती.

येथे आम्हांस एक गोष्ट सरळपणे सांगितली पाहिजे. मिशनऱ्यांची आशा अशी होती की, मोशे व संदेष्टे वाचल्यावर हे लोक ख्रिस्ताकडे येतील. थोडे आले, बहुतेक आले नाहीत. शास्त्रज्ञान वाढले तसतसे ते आपल्या पूर्वजांच्या धर्मातच अधिक दृढ झाले, आणि केहीमकरही त्यांतलेच. तर मग ते श्रम वाया गेले काय? आमच्यापैकी कोणास तसे वाटल्यास आम्ही विचारतो की, विहीर खणणाऱ्याने पाणी कोणत्या घरी गेले ह्याचा हिशेब ठेवावा काय? ज्यांनी शिकविले त्यांनी खऱ्या प्रीतीने शिकविले, आणि ज्यांनी घेतले त्यांनी कृतज्ञतेने घेतले. फळ कोणते व केव्हा यावे हे धन्याच्या हाती आहे. ज्या लोकांपासून जगास शास्त्रलेख मिळाले त्यांस ते शास्त्रलेख परत देण्यात आपल्या मिशनाचा हात लागला, एवढा मानही लहान नव्हे.

केहीमकरांच्या लोकांपुढे त्या वेळी एक मोठे दुःख उभे होते. बगदाद वगैरे ठिकाणांहून श्रीमंत यहूदी व्यापारी मुंबईस येऊन राहिले होते. प्रथम ते बेने इस्राएलांच्याच सभास्थानात प्रार्थना करीत व त्यांच्याच दफनभूमीत आपली प्रेते ठेवीत. पण पुढे त्यांस ह्या मराठी बोलणाऱ्या, सावळ्या, शेजाऱ्यांच्या चालीरीती पाळणाऱ्या लोकांविषयी शंका येऊ लागली. हे खरोखर इस्राएली आहेत काय? ह्यांचे रक्त शुद्ध आहे काय? ह्यांच्याशी सोयरीक करावी काय? दफनभूमीत मध्ये भिंत घालावी अशीही मागणी झाली. ज्यांनी समुद्रात सर्वस्व गमावूनही शब्बाथ राखला, त्यांस त्यांचेच भाऊबंद पुरावा मागू लागले. आणि ह्यांच्यापाशी कागद नव्हता. वाचकहो, ज्यास आपले नाव सिद्ध करण्यास लेख नाही, त्याची लाज कशी असते हे आमच्या खेड्यांतील पुष्कळ बंधूंस सांगावयास नको.

केहीमकरांनी ह्यावर रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी दोन कामे हाती घेतली. पहिले काम शाळेचे. सन १८७५ त त्यांनी आपल्या सोबत्यांसह मुंबईस आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा स्थापिली. तीत मराठी व इंग्रजीबरोबर इब्री भाषा शिकविली जाई. लंडन येथील अँग्लो-ज्यूइश असोसिएशन ह्या संस्थेने तीस द्रव्यसाहाय्य केले. समाज गरीब, बहुतेक लोक कारकून, शिपाई, सुतार व कारागीर. शाळेसाठी वर्गणी मिळविणे, परदेशी पत्रे लिहून आपल्या लोकांची ओळख करून देणे व मदत मागणे, हा भार केहीमकरांनी वर्षानुवर्षे वाहिला. ही शाळा पुढे वाढून माझगाव येथे सर एली कदूरी ह्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्या वर्षी ही शाळा निघाली त्याच वर्षाच्या अखेरीस डॉक्टर विल्सन प्रभूकडे गेले. एकाने पेरावे व दुसऱ्याने त्याच शेतात पुढे नांगर धरावा, असाच हा योग होता.

दुसरे काम इतिहासाचे, आणि ते अधिक कठीण. ज्या समाजापाशी जुना लेख नाही, ताम्रपट नाही, बखर नाही, त्याचा इतिहास कशावरून लिहावयाचा? केहीमकरांनी जे साधन होते ते घेतले. वृद्धांच्या तोंडची परंपरा, आडनावांतील गावांची नावे, लग्नाच्या व मर्तिकाच्या चाली, सणांची मराठी नावे, पलटणीतील अंमलदारांच्या याद्या, सभास्थानांची हकिगत, आणि परदेशी विद्वानांनी ह्या लोकांविषयी जे लिहिले होते ते, असे सर्व त्यांनी एकत्र केले. आडनाव म्हणजे पूर्वजांच्या वस्तीचा पत्ता होय. कोकणातील शंभरांहून अधिक गावांची नावे ह्या समाजाच्या आडनावांत जिवंत राहिली आहेत, आणि त्यांवरून ते कोठकोठे पसरले होते हे कळते. माणसांची नावेही पाहा: अब्राहामाचा आबाजी, बन्यामिनाचा बुनाजी, शमुवेलाचा सामाजी, एलीयाचा एलोजी. वरून मराठी पागोटे, आत इब्री मस्तक!

सणांची नावे तर मोठी बोधपर आहेत. वर्षारंभाच्या सणास ते नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसास, ज्या दिवशी ते दारे लावून घरातच उपास करीत, दारफाळणीचा सण म्हणत. वल्हांडणाचेही त्यांच्यात मराठी नाव होते. यरुशलेमेच्या मंदिराच्या नाशाचा जो शोकदिवस, त्यास बिरड्याचा रोजा म्हणत; कारण त्या प्रसंगी वालाचे बिरडे खाण्याची चाल. पेण-अलिबागेकडील वाल ज्याने खाल्ला आहे, त्यास हे वाचून नवल वाटेल की, सालोमोनाच्या मंदिराचा शोक कोकणातल्या बिरड्याच्या नावाने शेकडो वर्षे जतन झाला. एलीया संदेष्ट्याविषयीही त्यांची भक्ती मोठी. अलिबागेजवळ खंडाळे येथे त्याच्या पावलाची व रथाची खूण ते दाखवितात, आणि नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे व फळे ह्यांचा मलिदा करून त्याचे नाव घेतात. लिहून न ठेविल्यास अशा गोष्टी एका पिढीत नाहीशा होतात. मुंबईस गेलेल्या, इंग्रजी शिकलेल्या व परदेशी सभास्थानांची रीत पाहिलेल्या तरुणांस त्या गावंढळ वाटू लागल्या होत्याच. केहीमकरांनी त्यांची लाज धरली नाही. त्या त्यांनी साक्षी म्हणून उभ्या केल्या.

आपले पूर्वज केव्हा आले, ह्याविषयी केहीमकरांनी असे मत मांडिले की, ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, अंतियोख एपिफनेस राजाच्या छळामुळे, ते गालील प्रांतातून निघाले. ह्यास त्यांनी जी कारणे दिली त्यांत एक असे की, मक्काबी वीरांनी मंदिर शुद्ध केल्याच्या स्मरणार्थ जो दिव्यांचा सण यहूदी पाळतात, तो बेने इस्राएलांस मुळीच ठाऊक नव्हता. जर ते त्या घटनेपूर्वीच देश सोडून गेले असतील तर हे अज्ञान सहज उलगडते. ही युक्ती चतुर आहे. पण ती निर्णायक आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे सारे ग्रंथ बुडाले ते एक सण विसरलेही असतील. दुसऱ्या विद्वानांनी त्यांचे मूळ अरबस्तानातील यमन देशाकडे, तर काहींनी इस्राएलाच्या दहा वंशांकडे नेले आहे. शिलालेख वा ताम्रपट कोणाच्याच बाजूस नाही. म्हणून केहीमकरांच्या ग्रंथाची किंमत ह्या एका तर्कावर ठरवू नये. तर्क पुढेमागे ढासळला तरी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले जे लिहून ठेविले, ते दुसरीकडे कोठेही मिळावयाचे नाही.

सन १८९७ त हा ग्रंथ इंग्रजीत लिहून पुरा झाला. लिहिणाऱ्याचे वय ६७ वर्षांच्या घरात होते. मुंबईस त्या वेळी प्लेगाने कहर मांडिला होता. ग्रंथ मोठा, समाज लहान, छपाईस पैसा पाहिजे. तो उभा राहिला नाही. वर्षे लोटली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहीमकर वारले, आणि त्यांनी आपला ग्रंथ छापलेला पाहिला नाही. हस्तलिखित तसेच पडून राहिले. वाळवी, पावसाळा व विस्मृती हे तीन शत्रू आमच्या देशात कोणत्याही कागदास पुरे आहेत. तरी तो कागद वाचला. लिहून झाल्यापासून ४० वर्षांनी, सन १९३७ त, डॉक्टर इमानुएल ओल्सवांगर ह्या विद्वानाच्या हातून तो तेल अवीव येथे छापून निघाला. जे लोक पश्चिमेकडून पुस्तकांवाचून कोकणात आले, त्यांचे पुस्तक कोकणातून पश्चिमेकडे, त्यांच्या पूर्वजांच्या देशात गेले, आणि तेथे त्यास पुस्तकाचे रूप आले!

त्यानंतर ११ वर्षांनी, सन १९४८ त, इस्राएल राज्य स्थापन झाले, आणि बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. तेथेही त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्याशी विवाह लावण्यास तेथील काही धर्मगुरूंनी अडचणी घातल्या. समाजाने धीर धरून गाऱ्हाणे मांडिले, निदर्शने केली; अखेर सन १९६४ त ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत असे तेथे मान्य करण्यात आले. अशा झगड्यात आपला लिहिलेला इतिहास हाती असणे म्हणजे काय, हे सांगणे नको. सन २०१६ त महाराष्ट्र सरकारनेही यहूदी लोकांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. आज कोकणात ह्यांची घरे अगदी थोडी उरली आहेत. पेण, अलिबाग, रेवदंडा, पनवेल, अष्टमी ह्या ठिकाणी त्यांची सभास्थाने बांधली गेली. पण प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमविणे आता पुष्कळ ठिकाणी कठीण झाले आहे. घाणे थांबले. जे होते त्याचे चित्र पाहावयाचे तर केहीमकरांचे पुस्तकच उघडावे लागते.

आता, प्रिय बंधूंनो, आणि विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंनो, ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? आम्हीही खेडोपाडी विखुरलेला लहानसा कळप आहो. आमच्यातील पुष्कळ मंडळ्यांचा आरंभ कसा झाला हे एखाद्या वृद्धेसच काय ते ठाऊक आहे. प्रथम बाप्तिस्मा कोणी घेतला, त्यासाठी कोणाची विहीर बंद झाली, कोणी घर दिले, प्रार्थना कोणत्या झाडाखाली होई, पहिले भजन कोणी रचिले, हे ती वृद्धा सांगू शकते. ती देवाघरी गेली म्हणजे तिच्याबरोबर हे पुस्तकही मातीत जाईल. ते गलबत आमच्या डोळ्यांदेखत फुटत आहे, आणि आम्ही किनाऱ्यावर उभे राहून पाहत आहो.

केहीमकरांपाशी मोठा छापखाना नव्हता, द्रव्य नव्हते, जुने दप्तर नव्हते. ऐकण्यास कान, लिहिण्यास बोरू, आणि आपल्या लोकांवर प्रीती, एवढेच होते. तेवढे प्रत्येक उपदेशकापाशी आहे. मंडळीच्या बाप्तिस्म्यांची, विवाहांची व मृत्यूंची नोंदवही वेळच्या वेळी भरावी. आळसाने पाने कोरी सोडू नयेत. वर्षातून एकदा तरी वृद्धांजवळ बसून त्यांचे सांगणे तारीखवार उतरून घ्यावे. जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहावे, जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे, आणि दोहोंची गल्लत करू नये. आपल्या बोलीतील, आपल्या स्वयंपाकातील, आपल्या सणांतील साध्या गोष्टींची लाज धरू नये. बिरड्याच्या नावातही यरुशलेमेची आठवण राहू शकते. आणि छापून निघेल किंवा नाही ह्याची काळजी करीत बसू नये. ४० वर्षांनी का होईना, देव त्यास वाचणारा पाठवितो.

आणखी एक बोध असा की, ज्यांच्याशी आमचे धर्ममत जुळत नाही त्यांच्यातील सत्य व निष्ठा ओळखण्यास आम्ही कृपण असू नये. पेणेस किंवा रोह्यास गेलात आणि एखादे जुने सभास्थान दृष्टीस पडले, तर क्षणभर थांबा. पुस्तकावाचून ज्यांनी शब्बाथ राखला त्यांची ती जागा आहे. आमच्या हाती तर सबंध पुस्तक आहे. ते असताना आम्ही त्याच्या दिवसाचा व वचनाचा मान कितपत राखतो, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या अंतःकरणास विचारावा, आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे येत्या प्रभूच्या दिवसापासूनच वागण्यास आरंभ करावा.